कार्बामाझेपिन पाण्यात टिकवताना : माझ्या प्रबंधाचं वर्ष

ऑगस्टमध्ये माझी व्हायव्हा (तोंडी परीक्षा) झाली, दुरुस्त केलेली प्रत जमा केली आणि मी मोकळी झाले. विषय होता कार्बामाझेपिन या अपस्मारावरच्या औषधाची विद्राव्यता, म्हणजे पाण्यात विरघळण्याची क्षमता, वाढवणं. फार्मास्युटिक्स घेणाऱ्यांपैकी कुणीतरी दर वर्षी कुठल्या ना कुठल्या औषधावर हा विषय घेतंच, आणि त्यावर पेपरही शेकड्यांनी सापडतात. पण पेपरमध्ये सगळं कसं एका ओळीत घडत जातं. औषधाचा नमुना हातात यायला किती वेळ लागला, कुठला ग्राफ देखणा असूनही त्यावर विसंबता येत नव्हतं, पैसे कुठे गेले, जीव कुठे टांगणीला लागला, हे त्यात नसतं. मला सुरुवातीला नेमकं तेच वाचायला हवं होतं. म्हणून जसं घडलं तसं, क्रमाने लिहिते आहे.

जुलैत गाईड ठरले. पहिल्याच भेटीत सर म्हणाले, "आधी औषध निवड. पद्धत कुठली घ्यायची ते औषधच सांगेल." वर्गातली बरीच मंडळी पद्धत ठरवून औषध शोधत होती, त्यामुळे मला हे उलटं वाटलं होतं. आज कुणी विचारलं तर मीही हेच सांगेन.

औषध निवडताना बीसीएसपासून (बायोफार्मास्युटिक्स क्लासिफिकेशन सिस्टिम, औषधांचं एक वर्गीकरण) सुरुवात होते. १९९५ साली ॲमिडॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे वर्गीकरण मांडलं. औषध पाण्यात किती विरघळतं आणि आतड्याच्या भिंतीतून किती सहज आत शिरतं, या दोन गोष्टींवर चार वर्ग पडतात. दुसऱ्या वर्गातली औषधं भिंतीतून सहज शिरतात, पण विरघळत नाहीत. विद्राव्यता सुधारून खरा फायदा होण्याची शक्यता सगळ्यात जास्त याच वर्गात. चौथ्या वर्गात विरघळणं आणि शिरणं दोन्ही अडतं, तिथे नुसती विद्राव्यता वाढवून फारसं साधेलच असं नाही. मी चौथ्या वर्गातली नावं यादीतून लगेच काढून टाकली.

कार्बामाझेपिन दुसऱ्या वर्गात येतं. २०० मिलिग्रॅमची एक गोळी २५० मिलिलिटर पाण्यात पूर्ण विरघळायची, तर मिलिलिटरमागे ०.८ मिलिग्रॅम विरघळायला हवं. प्रत्यक्षात शरीराच्या तापमानालाही ते त्याच्या निम्म्यापर्यंतसुद्धा धड जात नाही. हा साधा भागाकार प्रत्येकाने आपल्या औषधासाठी पहिल्याच दिवशी करावा. ज्या औषधाचा डोस एक-दोन मिलिग्रॅम आहे त्याची विद्राव्यता कितीही कमी दिसली, तरी अडचण तेवढी मोठी नसते, आणि उलटही तितकंच खरं.

मग ते का विरघळत नाही हा प्रश्न. या क्षेत्रात दोन शब्द सारखे कानावर पडतात, 'ग्रीस बॉल' आणि 'ब्रिक डस्ट'. पहिल्या प्रकारचे रेणू तेलकट असतात, पाण्याला ते नकोसे असतात. दुसऱ्या प्रकारचे रेणू स्फटिकात एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की पाणी त्यांना सुटं करू शकत नाही. ओळखायची सोपी खूण म्हणजे वितळणबिंदू आणि लॉग पी (रेणू किती तेलकट आहे याचं माप). कार्बामाझेपिन १९० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं आणि त्याचा लॉग पी साधारण २.५ आहे. याल्कोव्स्की यांच्या सर्वसाधारण विद्राव्यता समीकरणात हे आकडे घातले, तर वितळणबिंदूच्या पदामुळे विद्राव्यता सुमारे ४५ पटींनी खाली येते. म्हणजे तेलकटपणा आहेच, पण स्फटिकाची पकडही जबरदस्त आहे. ती पकड सैल करणारी पद्धत हवी, एवढं कागदावरच कळलं.

त्यानंतर एकेक पर्याय गळत गेला. क्षार बनवणं सगळ्यात जुना आणि भरवशाचा उपाय, पण त्यासाठी रेणूला विद्युतभार घेता यायला हवा. कार्बामाझेपिन शरीरातल्या पीएचच्या पट्ट्यात उदासीनच राहतं, त्यामुळे क्षारही नाही आणि पीएच बदलण्याचा उपायही नाही. कण बारीक केले तर पृष्ठफळ वाढतं. नॉयस आणि व्हिटनी यांनी १८९७ मध्ये मांडलेल्या संबंधानुसार विरघळण्याचा वेग त्याने वाढतो, पण संपृक्ततेची मर्यादा, म्हणजे जास्तीत जास्त किती विरघळेल ती हद्द, जवळजवळ तिथेच राहते. ती हलायला कण नॅनोमीटरमध्ये मोजण्याइतके बारीक व्हावे लागतात, आणि तशी दळणयंत्रणा आमच्याकडे नव्हती.

सायक्लोडेक्स्ट्रिन मला फार आवडलं होतं. साखरेच्या सात घटकांचं कडं, आतून तेलकट रेणूला जागा देणारं आणि बाहेरून पाण्याशी जमवून घेणारं. पण इथेही गणित आडवं आलं. बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनचं रेणुभार ११३५, औषधाचं २३६. एकास एक संयुग धरलं तरी २०० मिलिग्रॅम औषधाला सुमारे ९६० मिलिग्रॅम सायक्लोडेक्स्ट्रिन लागतं. बाकीचे घटक मिळवण्याआधीच गोळी एक ग्रॅमच्या वर! कमी डोसच्या औषधाला ही पद्धत उत्तम. माझ्या औषधाला नव्हे. को-क्रिस्टलचा, म्हणजे औषध आणि दुसरा पदार्थ यांच्या एकत्रित स्फटिकाचा, पर्याय मात्र खुला होता, कारण निकोटिनामाइड आणि सॅकरिन यांच्याबरोबर कार्बामाझेपिनचे को-क्रिस्टल बनतात हे चांगलंच माहीत आहे. पण तिथे एवढं काम आधीच झालेलं आहे की मला स्वतःचा प्रश्न सापडेना.

उरलं सॉलिड डिस्पर्शन. सेकिगुची आणि ओबी यांनी १९६१ मध्ये सल्फाथायाझोल आणि युरिया यांचं एकत्र वितळवून गोठवलेलं मिश्रण वापरून या वाटेची सुरुवात केली. आता युरियाच्या जागी पॉलिमर (लांब साखळ्यांचे मोठे रेणू) आले आहेत. औषधाचे रेणू पॉलिमरच्या साखळ्यांमध्ये विखुरलेले राहतात, स्फटिक बनतच नाही, आणि त्यामुळे स्फटिकाची पकड मोडण्याची किंमत मोजावी लागत नाही. अडचण अशी की अमॉर्फस, म्हणजे स्फटिकरूपात नसलेल्या, औषधाला पुन्हा स्फटिक व्हायची ओढ कायम असते, कोरड्या पावडरमध्येही आणि पाण्यात पडल्यावर तर जास्तच. माझा प्रश्न तिथून आला : कार्बामाझेपिन पाण्यात जास्त विरघळवणारा पॉलिमर आणि ते विरघळलेलं टिकवणारा पॉलिमर, हे दोन्ही एकच असतात का?

ऑगस्टमध्ये सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) समितीसमोर मांडलं. "नवीन काय?" हा प्रश्न सगळ्यांना येतो. माझ्या वेळी वरच्या प्रश्नाने काम केलं. पॉलिमर नवे नव्हते, औषध नवं नव्हतं, पण तुलना कशाची करणार आणि निकाल कशावर ठरवणार हे लिहून दिलेलं होतं. प्राण्यांवरचा अभ्यास घ्यायचा की नाही यावर बरीच चर्चा झाली. त्यासाठी नीतिसमितीची मंजुरी लागते, तिच्या बैठका ठरावीक काळानेच होतात, आणि अर्ज एका बैठकीत परत आला की थेट पुढच्या बैठकीची वाट. सरांनी स्पष्टच सांगितलं की प्रयोगनळीतला प्रश्न नीट सोडव, तेवढा पुरे. ज्यांना प्राण्यांवरचा अभ्यास करायचाच आहे त्यांनी तो अर्ज सिनॉप्सिसबरोबरच तयार ठेवावा.

समितीने खर्चाचा अंदाजही मागितला होता. माझ्या अनुभवात औषध आणि पॉलिमर यांना फारसा खर्च येत नाही, ते बहुधा नमुना म्हणून मिळतात. पैसा जातो तो बाहेरून करून घ्याव्या लागणाऱ्या चाचण्यांवर, कारण डीएससी (पदार्थ तापवताना कधी वितळतो हे दाखवणारी चाचणी), एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखणारी चाचणी) आणि उरलेल्या सॉल्व्हंटची (द्रावकाची) चाचणी यांचं शुल्क नमुन्यामागे असतं. त्याखालोखाल खर्च सिरिंज फिल्टरचा. ते इतके लागतात की आधी कल्पनाच येत नाही. प्रत्येक डिसोल्यूशनच्या (औषध किती वेगाने विरघळतं या चाचणीच्या) फेरीत सहा भांडी, प्रत्येकातून ठरलेल्या वेळांना नमुना, आणि प्रत्येक नमुन्याला नवा फिल्टर. हिशेब करताना हा गुणाकार आधी मांडा.

मंजुरीनंतर औषध मागायचं पत्र. विभागाच्या लेटरहेडवर, विभागप्रमुखांच्या सहीचं, त्यात प्रकल्पाचं नाव, किती ग्रॅम हवं, आणि 'फक्त संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही' असं हमीवाक्य. उत्तराची वाट बघण्यात सप्टेंबर गेला. एका कंपनीकडून काहीच आलं नाही, दुसऱ्या कंपनीने आणखी एक फॉर्म पाठवला, त्यावर पुन्हा सह्या. तो काळ मला जड गेला. वर्गातल्या इतरांची कामं सुरू झालेली, आणि मी रोज ईमेल उघडून बघत बसलेली. अखेर ऑक्टोबरच्या सुरुवातीला डबा आला. पत्रं एकाच वेळी तीन-चार ठिकाणी पाठवावीत आणि गरजेच्या दुप्पट मागावं, कारण पुढची बॅच वेगळी निघाली तर सगळे आकडे पुन्हा घ्यावे लागतात.

डब्यासोबत विश्लेषण प्रमाणपत्र येतं. त्यावर शुद्धता, पाण्याचं प्रमाण, बॅच नंबर असतो, पण स्फटिकरूप (स्फटिकातली रेणूंची मांडणी) कुठलं आहे हे बऱ्याचदा नसतं. कार्बामाझेपिनची अनेक स्फटिकरूपं आहेत. बाजारात चालतं ते तिसरं रूप. डीएससीमध्ये ते १७५ अंशांच्या जवळपास आधी वितळतं, लगेच पहिल्या रूपात पुन्हा गोठतं आणि मग १९० च्या आसपास पुन्हा वितळतं. एफटीआयआरमध्ये (अवरक्त किरणांच्या चाचणीत) ३४६६ आणि १६७७ या पट्ट्या दिसल्या की तिसरं रूप असल्याची चांगली खूण मिळते. मी डबा उघडल्यावर पहिलं काम हेच केलं आणि तो स्पेक्ट्रम तारीख घालून ठेवून दिला. पुढे वर्षभर प्रत्येक शंकेच्या वेळी त्याच्याशी ताडून बघता आलं.

यूव्हीचा (अतिनील प्रकाश किती शोषला जातो त्यावरून औषध मोजण्याचा) कॅलिब्रेशन कर्व्ह बिनत्रास झाला. २८५ नॅनोमीटरला उच्चांक, १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरला ॲब्सॉर्बन्स ०.५ च्या जवळ. पॉलिमर त्याच तरंगलांबीला काही दाखवतो का ते औषधाशिवाय तपासून घ्यावं, आणि फिल्टर औषध धरून ठेवतो का तेही. गाळलेले पहिले काही मिलिलिटर टाकून द्यायचे हा नियम आम्ही शेवटपर्यंत पाळला.

आता विद्राव्यतेचा खरा प्रयोग. पद्धत ऐकायला अगदी सरळ आहे. बाटलीत पाणी, त्यात भरपूर औषध, ३७ अंशांना शेकरवर ठेवायचं, आकडा स्थिर होईपर्यंत नमुने घ्यायचे. पण माझे आकडे वर जाऊन स्थिर होण्याऐवजी पहिल्या तासांत वर गेले आणि मग हळूहळू खाली येऊ लागले. औषध नष्ट होतंय का, फिल्टर चुकतोय का, तापमान घसरतंय का, सगळं तपासलं. सरांनी एकच विचारलं, "तळाशी जे उरलंय ते कसं दिसतं?"

तळाचा साका काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. आत टाकलेले स्फटिक बुटके, ठोकळ्यांसारखे होते. बाटलीतून निघाल्या होत्या लांब, बारीक सुया. कार्बामाझेपिन पाण्यात राहिलं की दोन रेणू पाणी धरून डायहायड्रेट बनतं, आणि डायहायड्रेटची विद्राव्यता मूळ रूपापेक्षा कमी असते. म्हणजे सुरुवातीचा आकडा एका पदार्थाचा आणि शेवटचा दुसऱ्याच पदार्थाचा. हे रूपांतर संदर्भांमध्ये वाचलेलं होतं, तरी आपल्या बाटलीतल्या सुया डोळ्यांनी बघितल्यावर मला विषय नव्याने कळला. औषध विरघळवणं एवढंच काम नव्हतं, ते पाण्यात असतानाच रूप बदलू पाहतं आणि ती वाट अडवायची होती.

त्या दिवसापासून माझ्या वहीत विद्राव्यतेच्या प्रत्येक आकड्याशेजारी एक रकाना वाढला : तळाशी काय आहे. साका गाळून एक्सआरडीला दिला तर डायहायड्रेट नऊ अंशांच्या जरा अलीकडच्या शिखरावरून ओळखू येतं. प्रत्येक वेळी एक्सआरडी परवडत नाही, पण सूक्ष्मदर्शक फुकट आहे, आणि ध्रुवीकृत प्रकाशात स्फटिक चमकतात, अमॉर्फस कण चमकत नाहीत. विद्राव्यतेवर काम करणाऱ्या प्रत्येकाने निदान एवढं करावं असं मला मनापासून वाटतं. कितीतरी पेपरांमध्ये 'इतक्या पटींनी विद्राव्यता वाढली' असा आकडा असतो आणि त्या वेळी बाटलीच्या तळाशी कुठलं घनरूप होतं याचा उल्लेखच नसतो. तसा आकडा माझ्या दृष्टीने अर्धाच.

नोव्हेंबरमध्ये पॉलिमर निवडायचे होते. प्रत्येकाचं सॉलिड डिस्पर्शन बनवून बघणं वेळखाऊ, म्हणून सरांनी आधी छोटी चाचणी करायला लावली. औषध थोड्याशा मेथॅनॉलमध्ये विरघळवायचं, ते पॉलिमर असलेल्या कोमट पाण्यात पटकन ओतायचं म्हणजे द्रावण अतिसंपृक्त होतं (त्यात मर्यादेपेक्षा जास्त औषध विरघळलेलं असतं), आणि मग ठरावीक वेळाने बघायचं की औषध किती वेळ विरघळलेलं राहतं. मेथॅनॉल अगदी कमी आणि सगळ्या बाटल्यांत सारखंच हवं, नाहीतर तेच विद्राव्यता वाढवतं आणि श्रेय पॉलिमरला मिळतं. नमुना गाळल्याबरोबर लगेच पातळ करायचा, कारण अतिसंपृक्त द्रावण छोट्या बाटलीत उभं राहिलं तर तिथेच स्फटिक पडतात आणि आकडा कमी येतो. सिरिंज आणि फिल्टरसुद्धा आम्ही ओव्हनमध्ये ३७ अंशांना ठेवत होतो. प्रयोगशाळेतल्या काकांनी त्यासाठी एक कप्पाच राखून दिला होता.

पॉलिमर नसलेल्या बाटलीत सुया लवकर दिसू लागल्या. पोलोक्झामरमध्ये सुरुवातीला औषध छान विरघळलं, पण टिकलं नाही. पीव्हीपी के-३० मध्ये बऱ्यापैकी टिकलं. एचपीएमसीमध्ये सगळ्यात जास्त वेळ. एचपीएमसी कार्बामाझेपिनचं डायहायड्रेट होणं रोखतं असं प्रकाशित अभ्यासांत आहेच, त्यामुळे निकाल अनपेक्षित नव्हता. तरी स्वतःच्या आलेखात तो दिसल्यावर फार बरं वाटलं. पुढच्या कामासाठी पीव्हीपी आणि एचपीएमसी ठेवले, पोलोक्झामर सोडला.

डिसेंबरमध्ये सॉलिड डिस्पर्शन बनवली. आमच्याकडे स्प्रे ड्रायर नव्हता, हॉट मेल्ट एक्स्ट्रूडरही नव्हता, रोटरी इव्हॅपोरेटर होता. पीव्हीपीला इथेनॉल पुरतं. एचपीएमसी नुसत्या इथेनॉलमध्ये नीट विरघळत नाही, त्यामुळे डायक्लोरोमिथेन आणि मेथॅनॉलचं मिश्रण घ्यावं लागलं. इथे कागदपत्रं वाढतात. सॉल्व्हंटच्या वापराची नोंद, धूरकक्षातच काम करण्याची अट, आणि क्लोरीन असलेला टाकाऊ द्रव वेगळ्या बाटलीत, लेबल लावून. शिवाय पावडरमध्ये सॉल्व्हंट किती उरलं हे दाखवावं लागतं. आयसीएचच्या (औषधांचे निकष ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या) क्यू-३-सी मार्गदर्शिकेत डायक्लोरोमिथेनची मर्यादा ६०० पीपीएम, मेथॅनॉलची ३००० आणि इथेनॉलची ५००० आहे. म्हणून शक्य असेल तिथे इथेनॉलवरच भागवावं. व्हॅक्यूम ओव्हनमध्ये जास्त वेळ ठेवावं, पण तापमान फार चढवू नये. कार्बामाझेपिनचं काचसंक्रमण तापमान (ज्याच्या वर अमॉर्फस औषध मऊ होतं ते) ५० अंशांच्या आसपास आहे, आणि उरलेलं सॉल्व्हंट किंवा ओलावा ते आणखी खाली ओढतो.

फ्लास्कच्या भिंतीवर काचेसारखा पारदर्शक थर आला की काम जमलं असं दिसतं, दुधाळ झाला की शंका घ्यायची. हा थर खरवडून काढणं मात्र कष्टाचं आहे आणि हातात फार थोडं येतं, त्यामुळे बॅच आधीच मोठी धरावी. दळून, ६० नंबरच्या चाळणीतून काढून, डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात). पीव्हीपी हवेतला ओलावा भराभर ओढतं, म्हणून दमट दिवशी बाटली उघडायची नाही असं ठरवून टाकलं होतं.

एचपीएलसी या मोजणीच्या उपकरणाची रांग, बाहेरच्या चाचण्यांची रांग, दोन्ही जानेवारीत लागल्या. डीएससी आणि एक्सआरडीचे नमुने एका मध्यवर्ती सुविधेकडे पाठवले. त्यांचा अर्ज, शुल्काची पावती, प्रत्येक नमुन्याचं सुरक्षापत्रक. उपकरण मध्येच बंद पडलं आणि निकाल थेट फेब्रुवारीत आले. एवढ्या वाटेत नमुना स्वतःच बदलू नये म्हणून घट्ट झाकणाच्या बाटल्या, त्या पिशवीत आणि पिशवीत सिलिका जेल असं पॅक केलं होतं.

डीएससीमध्ये दोन्ही डिस्पर्शनमधलं औषधाचं वितळण्याचं शिखर नाहीसं झालं होतं. इथेच थांबण्याचा मोह होतो. पण औषध आणि पॉलिमरचं नुसतं मिसळलेलं मिश्रण ठेवलं तर त्यातही शिखर बरंच लहान होतं, कारण तापवत असतानाच औषध मऊ झालेल्या पॉलिमरमध्ये विरघळत जातं. म्हणजे शिखर नाही यावरून आधी स्फटिक नव्हते असं सिद्ध होत नाही. एक्सआरडी खोलीच्या तापमानालाच होतो, त्यामुळे त्याचा शब्द जास्त वजनाचा. तिथे मिश्रणात धारदार शिखरं होती आणि डिस्पर्शनमध्ये फक्त रुंद उंचवटा. मगच मी 'अमॉर्फस' हा शब्द वहीत लिहिला. पैसे कमी असतील तर डीएससीचे नमुने कमी करा, पण एक्सआरडी सोडू नका, आणि साध्या मिश्रणाचा नमुना दोन्हींत ठेवाच.

फेब्रुवारी-मार्चमध्ये डिसोल्यूशन. अमेरिकन फार्माकोपियात (औषधांच्या अधिकृत मानकांच्या ग्रंथात) कार्बामाझेपिनच्या साध्या गोळ्यांसाठी ९०० मिलिलिटर पाणी, त्यात १ टक्का सोडियम लॉरिल सल्फेट, पॅडल, मिनिटाला ७५ फेरे असं आहे. ही चाचणी गोळ्यांच्या गुणवत्तेसाठी योग्यच आहे. पण इतक्या सर्फॅक्टंटमध्ये (साबणासारख्या या द्रव्यात) औषधाला जागा भरपूर असते, त्यामुळे साधं औषध आणि डिस्पर्शन यांच्यात फरक दिसतो तो फक्त वेगाचा. अतिसंपृक्तता टिकते की नाही ते तिथे कळूच शकत नाही, कारण द्रावण अतिसंपृक्त होतच नाही. शिवाय याच सर्फॅक्टंटमुळे डायहायड्रेटचे स्फटिक लवकर बनतात असंही दाखवलं गेलं आहे. म्हणून दुसरी मालिका आम्ही मुद्दाम कमी द्रवात, जास्त औषध टाकून, आतड्यातल्या उपाशी अवस्थेची नक्कल करणाऱ्या माध्यमात घेतली. ६.५ पीएचचं हे माध्यम, त्यात ३ मिलिमोलर टॉरोकोलेट आणि ०.७५ मिलिमोलर लेसिथिन. टॉरोकोलेट महाग, म्हणून ही मालिका छोट्या भांड्यांत.

इथे माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. पीव्हीपीच्या डिस्पर्शनने सुरुवातीला झपाट्याने उसळी मारली, एचपीएमसीपेक्षा वर गेलं, आणि मग उतरू लागलं. एचपीएमसीचं सावकाश चढलं, तेवढं उंच गेलं नाही, पण जिथे पोचलं तिथे बराच वेळ राहिलं. आलेखाखालचं क्षेत्रफळ काढलं तर एचपीएमसी पुढे होतं. पहिल्या पंधरा मिनिटांचा आकडाच छापला असता, तर निष्कर्ष उलटा निघाला असता. औषध आतड्यात तासन् तास असतं, त्यामुळे उसळीची उंची मला कधीच पुरेशी वाटली नाही. दोन्ही पॉलिमर थोडे-थोडे एकत्र घेऊन एक बॅच करून बघितली. तिच्यात उसळी आणि टिकाऊपणा दोन्ही काही प्रमाणात आले. शेवटची शिफारस त्याच बॅचची केली.

स्टॅबिलिटीचे (टिकाऊपणाच्या चाचणीचे) नमुने जानेवारीतच चेंबरमध्ये गेले होते : ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रता, शिवाय २५ अंश आणि ६० टक्के. हे उशिरा करू नका. सहा महिने म्हणजे सहा महिने, त्यात कुणीच काही करू शकत नाही, आणि प्रबंधाची तारीख त्यासाठी थांबत नाही. मी उघड्या बाटल्या आणि सिलिका जेलसह बंद बाटल्या अशा जोड्या ठेवल्या होत्या.

एप्रिलमध्ये तीन महिन्यांचे नमुने काढले. उघड्या बाटलीतलं पीव्हीपीचं डिस्पर्शन चिकटून गोळा झालं होतं आणि एक्सआरडीत स्फटिकाची शिखरं परतली होती. बंद बाटलीतलं ठीक होतं. एचपीएमसीचं उघड्यावरही बऱ्यापैकी तग धरून होतं. वर्षाचं काम एका बाटलीत असं घट्ट झालेलं बघून मी त्या दिवशी खूप खचले. पण सर म्हणाले की हाच निकाल सगळ्यात उपयोगाचा, आणि ते खरं आहे. दमट हवेत ठेवलेल्या कार्बामाझेपिनच्या साध्या गोळ्याही कडक होतात, कमी विरघळतात, आणि त्यामुळे अपस्माराच्या रुग्णांना पुन्हा झटके आल्याच्या नोंदी आहेत. एचआयव्हीवरच्या रिटोनाव्हिरचं उदाहरण तर सगळ्यांना माहीत आहे. १९९६ मध्ये बाजारात आलेल्या या औषधाचं आधी न दिसलेलं, कमी विद्राव्य स्फटिकरूप १९९८ मध्ये उगवलं आणि कॅप्सूल मागे घ्याव्या लागल्या. घनरूप बदललं की औषधाचं नाव आणि डोस तोच राहतो, रुग्णाला मिळतं ते मात्र कमी. म्हणून वेष्टनाची शिफारस, म्हणजे ओलावा रोखणारं पॅकिंग आणि सोबत शोषक, मी प्रबंधात तळटीपेत न टाकता निष्कर्षातच लिहिली.

मे महिना लिहिण्यात गेला. साहित्याचा आढावा सप्टेंबरच्या रिकाम्या दिवसांत बराचसा लिहून ठेवला होता, त्याचा फार उपयोग झाला. साम्यतपासणीत (मजकूर दुसरीकडच्या मजकुराशी किती जुळतो या तपासणीत) प्रयोगपद्धतीचा भाग हमखास जास्त टक्के दाखवतो, कारण सगळे तीच वाक्यं लिहितात. आपल्या उपकरणाचे, आपल्या वजनांचे तपशील घालून ती स्वतःच्या शब्दांत लिहिली की आकडा उतरतो. प्रत्येक उपकरणाच्या नोंदवहीत आपलं नाव आणि तारीख आहे ना, हेही तेव्हाच तपासा. माझ्याकडे समितीने एका दिवसाची नोंद मागितली होती. जूनमध्ये प्रत जमा झाली, सहा महिन्यांचे निकाल जुलैत पुरवणी म्हणून जोडले.

व्हायव्हात बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, "शिखर गेलं म्हणजे अमॉर्फस झालं हे कशावरून?" साध्या मिश्रणाचे दोन्ही आलेख दाखवले. मग त्यांनी डिसोल्यूशनसाठी फार्माकोपियाचं माध्यम सोडून दुसरं का घेतलं ते विचारलं, आणि औषध व पॉलिमरचं प्रमाण पाहता गोळी केवढी होईल तेही. एकास दोन प्रमाणात २०० मिलिग्रॅम औषधाला ६०० मिलिग्रॅम डिस्पर्शन लागतं. सायक्लोडेक्स्ट्रिनपेक्षा कमी, पण गोळी मोठीच. प्रमाण एकास एकवर आणलं तर काय होईल, हे काम आता पुढच्या बॅचच्या एका मुलीने घेतलं आहे.

२५ अंशांचे नमुने अजून चेंबरमध्ये आहेत. बारा महिन्यांचा एक्सआरडी जानेवारीत होईल. त्या मुलीला मी बाटल्यांची यादी, मूळ स्पेक्ट्रम आणि वहीची प्रत देऊन ठेवली आहे, आणि बाटली काढल्यावर आधी ध्रुवीकृत प्रकाशाखाली बघ, मगच पुढच्या चाचणीला दे, असं सांगितलं आहे. निकाल आला की तो इथेच खाली जोडेन.